कोंडाईचा निखळलेला खांदा

फार फार पूर्वी, डोंगरांना अजून नावं पडायची होती तेव्हा, निंबसर गावात कोंडाई नावाची बाई निखळलेली हाडं बसवायची. वादळात मोडलेली वडाची फांदी तिनं बांधली, तर पहाटेपर्यंत फांदीला पालवी फुटली, असं म्हणतात. पानं मोजायला कोण गेलंय!

मग एका हिवाळ्यात गावाबाहेर चिंचेखाली वैदूंची पालं पडली. त्यांतली यल्लव्वा जडीबुटी विकायची आणि हाडंही बसवायची. आधी एक गुराखी तिच्याकडे गेला, मागोमाग खुद्द पाटलीणबाई गेल्या. कोंडाईच्या ओट्यावर माश्या बसू लागल्या. उंबऱ्यात बसून ती चिंचेकडे जाणारी माणसं बघायची. तिच्या पोटात अशी आग पडायची, की शेजारणीची भाकरी चुलीवाचून भाजून निघायची, असं म्हणतात.

"अगं, ती पालवाली माणसं पोरांच्या सावल्या चोरतात नि काढ्यात उकळतात," तिनं पाणवठ्यावर सांगून टाकलं. झालं! उद्या पालं उठवायची, असं गावानं ठरवलं.

कोंडाईला तेवढाही दम निघेना. तिनं धोंडा उचलून यल्लव्वाच्या पालावर भिरकावला. धोंडा गेला डोंगरापल्याड, आणि हिचा खांदा निखळला. आता स्वतःचा खांदा स्वतः कसा बसवणार?

यल्लव्वा बाहेर आली. "नेम चुकला की, आक्का. बस इथं."

तिनं कोंडाईचं मनगट धरलं. दोघींचीही रीत एकच. दुखणाऱ्याला बोलतं करायचं आणि अंग सैल पडलं की ओढायचं.

"माझ्यावर एवढा राग कशापायी?"

"तुम्ही सावल्या चोरता!"

हाड हललं नाही. "अंग आवळून धरलंयस. खरं सांग."

"तुझा काढा कडू असतो!"

खांदा आणखीच ताठला. शेवटी कोंडाई किंचाळली, "माझी माणसं तुझ्याकडे येतात गं! जळते मी तुझ्यावर!"

खट्! त्या आवाजानं डोंगराचं वाकडं शिखर सरळ झालं, असं म्हणतात. तिची किंकाळी ऐकून काठ्या घेऊन धावत आलेला गाव जागीच थबकला.

कोंडाईनं आता यल्लव्वाचं मनगट धरलं. "तू सांग. आमच्याविषयी तुमच्यात काय बोलतात?"

यल्लव्वा ओशाळली. "गाववाले पाहुण्याच्या भाकरीत पालीचं शेपूट घालतात म्हणे." मग हळूच म्हणाली, "आणि मीपण जळते, आक्का. तुला रोज तोच उंबरा असतो."

कुणीतरी हसलं. पाटलीणबाईंनी काठी टाकली आणि घरून भाकऱ्या आणल्या. यल्लव्वानं भाकरी उलटसुलट करून नीट बघितली, मगच खाल्ली. पालं काही उठली नाहीत. दोघींचं जळणंही थांबलं नाही, पण त्या तोंडावर सांगून जळायच्या.

आजही निंबसरात कुणाविषयी कंडी पिकली, की पिकवणाऱ्याला नि त्या माणसाला चिंचेखाली समोरासमोर बसवतात. एकमेकांचं मनगट धरायचं, विचारायचं, आणि खरं उत्तर येईस्तोवर सोडायचं नाही. याला 'कोंडाईचा हात धरणं' म्हणतात. उशीर झाला तर मधे एक भाकरी ठेवतात. दोघांचा एकेकच हात मोकळा, त्यामुळे भाकरी तोडायची तर ती दोघांनी मिळूनच तोडावी लागते.