खटक्याची अदलाबदल

फार पूर्वी, रेडिओ दुरुस्तीच्या एका दुकानात थोरली आणि धाकटी अशा दोन बॅटऱ्या होत्या. मध्ये दिवा होता आणि विजेची दिशा पालटणारा एक खटका, म्हणजे स्विच. खटका म्हणाला, “थोरलीनं धाकटीत वीज ओतायची. मग मी बाजू पालटतो, धाकटीनं परत ओतायची. घरातलं घरातच राहील आणि मधला दिवा फुकट जळेल!”

धाकटीला ते पटलं. पण दर पालटीला थोरलीकडून थोडं कमीच येई.

“ताई, तू चोरून ठेवतेस,” ती म्हणाली.

“चोर तूच!” थोरली कडाडली.

भांडता भांडता थोरली गार पडली. धाकटीत नुसती धुगधुगी उरली. ती विनवू लागली, “खटकेदादा, थांब आता.”

“थांबलो तर दिवा विझेल ना!” म्हणत खटक्यानं बाजू पालटली.

तेव्हा कुठे धाकटीनं दिव्याकडे नीट पाहिलं. दोघींचं चोरीला गेलेलं सगळं तिथंच जळत होतं. तिनं ताईला हाक मारली. थोरलीनं ओ दिली नाही.