सटवाजींचं ‘नेहमीचंच’

नदीकाठच्या एका गावात सटवाजी नावाचे एक गृहस्थ राहत होते. बोलणं मोजकं आणि फेटा असा की लांबून ओळखू यावा. गावात त्यांच्या शब्दाला मोठं वजन होतं.

पूर्वी त्या गावात दवंडी पिटत. मग राजाने नवा कारभारी नेमला. त्याला ढोलाचा गोंगाट सोसेना. त्याने दवंडी बंद केली आणि हुकूम कागदावर लिहून चावडीच्या भिंतीला चिकटवू लागला.

लोक कागदासमोर येऊन उभे राहत. सटवाजीही येत. वरपासून खालपर्यंत कागद न्याहाळत आणि मान डोलावत. कुणी विचारलं, “काय म्हणतोय कागद?” तर म्हणत, “नेहमीचंच.” तेवढ्यावर सगळे निर्धास्त घरी जात.

खरं सांगायचं तर सटवाजींना एक अक्षरही वाचता येत नव्हतं. विचारणाऱ्यांनाही येत नव्हतं. पण प्रत्येकाला वाटे, गावात अडाणी तेवढा मी एकटाच. फुकट बियाणं वाटायचा दिवस असाच निघून गेला, तेव्हा लोकांनी नशिबाला बोल लावला. आणि कारभारी खुशीत! कुणाची तक्रार नाही, म्हणजे गाव चांगलं शिकलेलं आहे, अशी त्याची समजूत.

एके दिवशी सकाळी भिंतीवर तांबड्या शाईचा कागद लागला. तांबडी शाई सटवाजींनी तिथे कधी पाहिली नव्हती. आज काहीतरी वेगळं आहे, एवढं त्यांना कळलं. तेवढ्यात लेकराला कडेवर घेऊन गिरजा पुढे आली. ही विधवा बाई उन्हाळ्यात नदीच्या पात्रात कलिंगडं लावायची आणि दोन्ही पोरांना घेऊन तिथेच झोपडीत राहायची.

“भाऊजी, काय लिहिलंय हो?”

‘नेहमीचंच’ हा शब्द सटवाजींच्या अगदी ओठांवर आला. तो म्हटला की आब राहणार होता. पण गिरजेचं पोर त्यांच्या फेट्याचा शेमला धरून खिदळत होतं. सटवाजींनी डोळे मिटले आणि मोठ्याने म्हणाले, “गिरजा, मला वाचता येत नाही. आजवर कधीच येत नव्हतं.”

मागून कुणीतरी म्हणालं, “मलाही नाही.” पाठोपाठ दुसरा बोलला, तिसरा बोलला. बघता बघता निम्म्याहून जास्त गावाने कबुली दिली.

कारभारी धावत बाहेर आला. “अहो, आज दुपारी तलावाचं पाणी नदीत सोडणार आहेत! पात्रात कुणी थांबू नका, असं लिहिलंय!”

सारा गाव नदीकडे पळाला. झोपडीतलं ज्याच्या हाती जे लागलं ते त्याने उचललं. पाणी आलं तेव्हा पात्रात रिकामी झोपडी तेवढी उरली होती. गिरजेची पोरं काठावर बसून कलिंगड खात होती.

दवंडी पुन्हा सुरू झाली. चावडीत रोज संध्याकाळी शाळाही भरू लागली, आणि पहिल्या रांगेत सटवाजी बसू लागले. वर्षभराने भिंतीवर एक कागद लागला. सटवाजींनी अक्षराअक्षरावर बोट ठेवून तो मोठ्याने वाचला: “गुरांचा बाजार बुधवारी भरेल.”

गिरजा हसून म्हणाली, “भाऊजी, हे तर नेहमीचंच!”

“असू दे,” सटवाजी म्हणाले. “आज वाचून सांगतोय.”

तात्पर्य: निरक्षरता लाजेपोटी झाकली की ती कुणाच्या नजरेस पडत नाही आणि तिची झळ साऱ्या गावाला बसते, एकाने धीर करून कबूल केलं की सगळ्यांच्या शिकण्याची वाट मोकळी होते.