गोदाक्कांच्या गिरणीसमोर

व्यापारी मंडळाची सभासद नसलेली दुकानं बाजारगल्लीतून हलवायची, असं ठरलं. तशा पिठाच्या गिरणीवाल्या गोदाक्का धास्तावून सभासदत्वाचा अर्ज घेऊन मंडळाच्या कार्यालयात गेल्या. अध्यक्ष धनपाल शेटे यांचं त्याच गल्लीत साड्यांचं तीनमजली दुकान. ते खुर्चीत रेलून म्हणाले, “आक्का, मंडळात नाव असलेली माणसं लागतात. तुमच्या गिरणीला साधी पाटीसुद्धा नाही!”

तिथले सगळे हसले. आक्कांनी हातातली दळणाची पिशवी टेबलावर पसरली. ती शेट्यांच्याच दुकानातली होती.

“यावरचा पत्ता वाचा की.”

“शेटे सारीज, बाजारगल्ली, गोदाक्कांच्या गिरणीसमोर…” शेटे अडखळले.

“माझी पाटी तुम्हीच गावभर वाटताय, शेटजी. मी आणखी कशाला लावू?”

शेट्यांनी अर्जावर सही केली. आक्कांचा जीव भांड्यात पडला.