बोरखडीत उचललेला भंडार

“मग यातलं खरं कुठलं?” धुरपामायनं विचारलं.

“दोन्ही खरं आहे, माय,” रंगनाथ म्हणाला. “ऐकणारे वेगळे होते, एवढंच.”

धुरपामाय हळद चाळत होती. माळावरच्या खंडोबाच्या ठाण्यात भंडार तीच करते. आसपासच्या गावांत कुणाला शपथ घ्यायची असली की तिच्या हातची हळद नि बेलाचं पान लागतं. बेलभंडार उचलून दिलेला शब्द तिकडं कुणी मोडत नाही. माणूस सोयरिक मोडेल, तो शब्द मोडणार नाही.

रंगनाथ वाघमोडे तिचाच शिष्य. मिसरूड फुटायच्या आधी तिनं त्याच्या गळ्यात हळदीची पिशवी घातली होती. आता तो आमदारकीला उभा होता आणि पिशवी गाडीच्या आरशाला लटकत होती.

झालं होतं असं. बोरखडीच्या देवळात, सगळ्या गावासमोर, त्यानं बेलभंडार उचलला. म्हणाला, गर्भ पाडणं पाप आहे, या गावातल्या एकाही बाईला मी ते पाप करू देणार नाही. गावातल्या बाप्यांनीही त्याच्याबरोबर भंडार उचलला. पाप म्हणायला बाप्याला काय जातं... त्याला पोट येतं ते जेवणाचं.

मग तालुक्याच्या कॉलेजात पोरींसमोर तोच रंगनाथ म्हणाला, बाईचं पोट, बाईचा निर्णय, मधे कोण बोलणार? तिथं टाळ्या पडल्या.

कुणीतरी दोन्ही व्हिडिओ एकाला एक जोडले. आता ते ज्याच्या त्याच्या मोबाईलवर होते, आणि मतदान आठवड्यावर आलं होतं.

“माझ्याकडं कशाला आलास?”

“तू एक शब्द टाक. रंगनाथचं बोलणं पहिल्यापासून एकच आहे, एवढं तुझ्या तोंडून निघालं तरी पुरे. उद्या बोरखडीत सभा आहे.”

“एकच आहे का?”

“भूमिका एकच आहे. मांडणी वेगळी.”

माय चाळण हलवत राहिली.

“बरं, तू सांग,” रंगनाथ म्हणाला. “पाप आहे का नाही?”

“मी कुठं उभी आहे निवडणुकीला?”

रंगनाथ हसला. माय हसली नाही, म्हणून त्यानंही आवरतं घेतलं.

“सोजर,” मायनं आत हाक मारली. “बाहेर ये गं.”

चुलीपाशी बसलेली एक बाई उठून आली. हात पिठाचे. उंबऱ्यापर्यंत येईपर्यंतच तिला दम लागला, चौकट धरून ती उभी राहिली.

रंगनाथनं उठून हात जोडले. सध्या तो वासराला बघूनही हात जोडायचा.

“ही बोरखडीची,” माय म्हणाली. “बिरूअण्णांची सून. तुझ्या शेजारी उभं राहून भंडार उचलला ना, तेच बिरूअण्णा.”

“हो, हो. आपलेच आहेत ते. बोला ताई.”

सोजरनं आधी श्वास घेतला, मग बोलली.

“दोन लेकरं आहेत साहेब मला. धाकट्याच्या वेळेलाच काळजाची झडप बिघडली. आता परत दिवस गेलेत. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे ठेवलंस तर तू राहायची नाहीस, लवकर ये. मालक जा म्हणाले. पण मामंजी म्हणतात, साहेबांनी भंडार उचललाय, मीही उचललाय. देवाला दिलेल्या शब्दात कुणी बोट घालायचं नाही.”

ती थांबली.

“म्हणून इथं येऊन बसले. देवाच्या दारातून कुणी ओढून नेत नाही.”

रंगनाथनं मायकडं बघितलं, मग सोजरकडं, मग स्वतःच्या पायांकडं.

“अहो ताई, माझं म्हणणं असं नव्हतंच. तुमच्यासारख्यांसाठी कायदा आहे. मी आपलं... सर्वसाधारण बोललो.”

“सर्वसाधारण,” माय म्हणाली. शब्द तिनं जिभेवर ठेवून बघितल्यासारखा केला. “ही सर्वसाधारण आहे का बघ.”



मायनं चाळण खाली ठेवली. रंगनाथचा उजवा हात ओढून घेतला, त्यावर बेलाचं पान ठेवलं नि वर मूठभर हळद घातली.

“बोरखडीत बोललास ते परत बोल.”

“इथं?”

“इथं. फक्त नाव घालून बोल.”

“म्हणजे कसं?”

“एकाही बाईला, म्हणालास ना. त्यातली एक ही उभी आहे. सोजर नाव आहे तिचं.”

रंगनाथनं घसा साफ केला. भाषणाचा गडी, शब्दाला कधी अडला नव्हता.

“मी... बोरखडीच्या सोजरला...”

पुढचं येईना.

सोजर त्याच्याकडं बघत होती. रागानं नाही. फाट्यावर उभं राहून माणूस एसटीकडं बघतं ना, थांबतीय का जातीय, तसं.

“मी सोजरला...” त्यानं पुन्हा धरलं आणि पुन्हा सोडलं. हळद तळहातावर ओली व्हायला लागली.

“नाही बोलवत माय. दुसरं बोलतो.”

“बोल की. त्यातही नाव घाल.”

“सोजरचं पोट, सोजरचा निर्णय. मधे कोण बोलणार?”

हे झरझर आलं. बोलताना त्याचा हात सवयीनं वरसुद्धा गेला, स्टेजवर जातो तसा. थोडी हळद सांडली.

“मधे मामंजी बोलतात,” सोजर म्हणाली. “त्यांना एवढंच सांगायला चला.”

रंगनाथचा हात खाली आला.

“आत्ता?”

“मग कधी?”

“ताई, एवढा आठवडा जाऊ द्या. निकाल लागला की मी स्वतः येतो, मोठ्या दवाखान्यात नेतो. चांगला डॉक्टर बघू.”

“निकालापर्यंत हिनं श्वास धरून बसायचं का?” माय म्हणाली. आवाज तसाच, हळद चाळतानाचा.

बाहेर माळावर मेंढरं ओरडत होती. रंगनाथ पायरीवर बसला. हळदीचा हात पुढं धरून, दुसऱ्याचा असल्यासारखा.

“बोरखडीचं एक मत मिळणार नाही मला.”

“नाही मिळणार,” माय म्हणाली.

“पडेन मी, माय.”

“पडशील.”

“आणि निवडून आलो, तर अशा कितीतरी सोजरांचं भलं...”

“कितीतरी नकोत. तुला एकीचं नाव सांगितलंय.”

त्यानं तळहातावरच्या हळदीकडं बघितलं. मग बोलला तो आवाज सभेतला नव्हता. गळ्यात पिशवी घालून घेणारं पोरगं बोलावं, तसा होता.

“भंडार उचललाय गं मी. देवासमोर. तो मोडला तर?”

मायनं त्याचा हात धरून चाळणीत पालथा केला. ओली झालेली हळद कोरड्या हळदीत पडली. बेलाचं पान तिनं उचलून देवाच्या पायरीवर ठेवलं. मग पदराच्या टोकानं त्याचा तळहात पुसला. पिवळेपणा राहिला तो राहिलाच.

“देवाचं मी बघते. तू गाडी काढ.”

रंगनाथ उठला. सोजरनं हात धुतले, आपली कपड्यांची पिशवी घेतली नि मागच्या सीटवर जाऊन बसली. गाडीच्या दोन्ही अंगांना रंगनाथचंच चित्र होतं, हात जोडलेलं, हसणारं.

दार लावून तो परत मायपाशी आला. हळू बोलला.

“कालव्याच्या वाटेनं जातो. तिकडूनही दवाखाना गाठता येतो. गावात कुणाला कळायचं नाही.”

“बोरखडीच्या पारावरून जा.”

“पारावर या वेळेला बिरूअण्णा बसलेले असतात, माय. सगळे बाप्ये असतात.”

“म्हणूनच.”

“हिला त्रास होईल.”

“पारावरूनच चला साहेब,” सोजर गाडीतून म्हणाली. तिला ऐकू जात होतं. “मी काही चोरून कुठं निघालेली नाही.”

रंगनाथनं कपाळावरून हात फिरवला. कपाळाला हळद लागली, त्याला कळलं नाही.

“गाडी अडवतील ते. व्हिडिओ दाखवतील. म्हणतील, साहेब, आता तरी सांगा, यातलं तुमचं खरं म्हणणं कुठलं?” तो थांबला. “काय सांगू?”

धुरपामायनं चाळण उचलली.

“सोजरकडची काच खाली ठेव.”