सरनोबत साहेबांचं कार्ड

सरनोबत साहेबांची गाडी साठच्या पुढे गेली की ड्रायव्हरच्या खिडकीशी शिट्टी वाजायची. गॅरेजमध्ये येऊन ते शर्वरीवर कडाडले, "या दाराचं रबर तूच बसवलंस ना गं? डिप्लोमा काय लॉटरीत लागला?"

सगळे हातातलं काम टाकून बघायला लागले. शर्वरीचे कान तापले आणि हातातला पाना खाली पडला. रबर तिनंच बसवलं होतं, दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात. चूक आपलीच, आता नोकरी गेली, असं तिला वाटलं.

"मालकांना बोलव!" साहेबांनी आपलं व्हिजिटिंग कार्ड तिच्यापुढे नाचवलं. "हे कार्ड कुठंही अडत नाही, समजलं?"

"साहेब, ते जरा देता का?" तिनं चाचरत विचारलं.

खिडकीच्या चौकटीच्या फटीत कार्ड धरून तिनं दार लावलं आणि कार्ड ओढलं. ते घट्ट अडकलं. जरा वर धरलं, तिथंही अडकलं. आरशाजवळच्या कोपऱ्यात मात्र अलगद सुटून आलं. तिनं दार उघडून बघितलं. तिथं रबराखाली झेंडूच्या हाराचा दोरा दबला होता, गाठीसकट, त्यामुळं रबर नीट टेकत नव्हतं.

"खंडेनवमीला हार कुणी बांधला होता?"

"मीच. दुसऱ्याच्या हातची पूजा मला चालत नाही."

"कार्ड अडायलाच हवं, साहेब," शर्वरी खाली बघत म्हणाली. "जिथं अडत नाही, तिथूनच वारं शिरतं."

कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांची मान खाली गेली. हे काय बोलून बसले, म्हणून शर्वरीही शरमली. तिनं दोरा कापला. साहेबांनी कार्ड खिशात टाकलं आणि दार अगदी हळू लावलं.