मधल्या सज्ज्यातली नागवेल

फार जुन्या काळची गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राज्य कुणाचं होतं हे आता कुणालाच सांगता येत नाही. न आलं तरी बिघडत नाही, कारण राजा या गोष्टीत येतच नाही.

एका उभ्या कातळावर एक गाव वसलेलं होतं. घरं पायऱ्यांसारखी एकावर एक चढत गेलेली. अंगण कुणालाच नव्हतं. अंगणाच्या जागी प्रत्येक घरापुढे लाकडी सज्जा होता, दोन माणसं बसली की तिसऱ्याने उभं राहावं एवढा. वरच्या सज्ज्याची कड खालच्या सज्ज्याच्या कठड्यावर येई.

कातळावर माती कुठून असणार? ती खालच्या तळ्यातल्या गाळाच्या रूपाने डोक्यावरून वर यायची. पण हिरव्याशिवाय माणसाला करमत नाही. त्या गावात फुटकी वस्तू कुणी टाकत नसे. घागर गळायला लागली की तिच्यात मिरची लागे. चिरलेल्या काठवटीत मेथी, करवंटीत कोथिंबीर, झिजलेल्या टोपलीला आतून शेण सारवून तिच्यात वांगं. शिंक्यात दह्याच्या जागी पुदिना लोंबे. नवी सून घरात आली की सासू तिला आधी चूल दाखवत नसे, ऊन दाखवी. सकाळचं कुठे येतं, दुपारचं कुठे भाजतं आणि कुठे कधीच येत नाही, हे कळलं की सून संसाराला लागली असं समजत.

पाणी मात्र तळाच्या झऱ्यावरून आणावं लागे. जितकं घर उंच, तितका चढ मोठा. प्रत्येक भांड्याच्या बुडाला एक भोक असे. भोकावर खापऱ्या, खापऱ्यांवर नारळाची शेंडी, आणि मग शेण-राख कालवलेली माती. वर घातलेलं पाणी झाडाला हवं तेवढं पाजून भोकातून थेंब थेंब गळे आणि खालच्या सज्ज्यात पडे. खालची माणसं आपली भांडी बरोबर त्या थेंबांखाली मांडत. यात कुणी कुणावर उपकार करतोय असं कुणालाच वाटत नसे.

गावाच्या मध्यावर आनसा नावाची बाई राहायची. तिच्या वरच्या घरात भिकोबा नावाचे म्हातारे, खालच्या घरात तानू. आनसा वाईट नव्हती. काटकसर कुठे संपते आणि कंजुषी कुठे सुरू होते, हे तिला नीटसं दिसत नसे, इतकंच.

आनसाच्या सज्ज्यात एका जुन्या डेऱ्यात नागवेल होती. तिच्या आईने लग्नात तिच्या ओटीत घातलेली. आईला तिच्या आईने दिलेली. त्या गावची रीतच तशी होती. मुलगी सासरी निघाली की आई आपल्या वेलीची मुळं धरलेली फांदी छोट्या मडक्यात लावून तिच्या ओटीत घाली. सोनंनाणं असो नसो, वेल असायलाच हवी. आनसाची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. माहेरचं म्हणून तिच्याकडे आता तेवढी एक वेल होती. आणि यंदा तिच्या मैनाचं लग्न ठरलं होतं.

एके दिवशी आनसा डोक्यावर घागर घेऊन धापा टाकत चढत होती. तानूच्या दारावरून जाताना तिची नजर सज्ज्यात गेली. तिथे अळू माजलं होतं, एकेक पान सुपाएवढं. आनसाच्या मिरच्या त्या वर्षी करंगळीएवढ्याही झाल्या नव्हत्या. ती थांबली, वर आपल्या सज्ज्याकडे पाहिलं, तिथून गळणारे थेंब पाहिले, आणि तिच्या डोक्यात ठिणगी पडली.

"पाणी मी वाहायचं आणि पिकवायचं दुसऱ्याने," ती मोठ्याने म्हणाली.

तानू दारातच तांदूळ निवडत होती. तीही काही गरीब गाय नव्हती.

"पाणी वरून पडतं बाई. मी काय इरलं घेऊन बसू?"

"माझं पाणी आहे ते."

"मग सांग त्याला, वर जा म्हणून."

आनसा फणकाऱ्याने निघून गेली. त्याच अळूच्या वड्या तानूने मागच्या श्रावणात तिच्याकडे पाठवल्या होत्या, आणि आनसाने चवीने खाल्ल्या होत्या. पण माणसाचं असंच असतं. खाल्लेलं विसरतं, वाहिलेलं लक्षात राहतं.

घरी येऊन तिने चुन्यात गूळ कालवला, त्यात चिंध्या भिजवल्या आणि एकेक भांडं आडवं करून बुडाचं भोक बुजवायला घेतलं. नवरा ओसरीवर दोर वळत बसला होता.

"हे काय चाललंय?"

"घागर गळली तर आपण बुजवतो ना? मग कुंडी गळली तर का बुजवू नये?"

आनसाशी वाद घालून जिंकलेला माणूस त्या गावात नव्हता, म्हणून नवऱ्यानेही डेरा आडवा करायला हात लावला.

सगळी भोकं बुजली. तेवढ्यात आनसाला दिसलं की नागवेलीची एक फांदी कठड्याबाहेर झुकून तानूच्या सज्ज्याकडे निघाली आहे. पाणी गेलं ते गेलं, आता वेलही तिकडेच चालली. तिने विळ्याने फांदी छाटली आणि ती कुठे पडते हेही न पाहता आत गेली.

सुरुवातीला सगळं छान झालं. माती दिवसभर ओली राहू लागली. आनसा पाणी निम्म्यानेच घालू लागली आणि झऱ्यावरच्या तिच्या खेपा कमी झाल्या. ती शेजारणींना सांगे, "इतकी वर्षं आपण चाळणीतच पाणी ओतत होतो." खाली तानूचं अळू हळूहळू मान टाकू लागलं. आनसाला ते दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर तिला थोडं बरंही वाटत होतं.

मग एके सकाळी नागवेलीचं एक पान पिवळं पडलेलं दिसलं. दुसऱ्या दिवशी आणखी काही. पाणी कमी केल्यामुळे वेल तहानली असणार, असं आनसाला वाटलं. तिने तांब्याभर पाणी जास्त घातलं. वेल आणखी पिवळी झाली, तेव्हा तिने आणखी घातलं. ज्या पाण्यासाठी तिने शेजारणीशी भांडण घेतलं होतं, तेच पाणी ती आता सढळ हाताने ओतत होती.

"आई, सज्ज्यात काहीतरी कुजल्याचा वास येतोय," मैना म्हणाली.

"उंदीर मेला असेल कुठे," आनसा म्हणाली. पण वास कुठून येतोय हे तिला कळत होतं, फक्त कबूल करवत नव्हतं.

लग्न तोंडावर आलं. वेलीला धड हिरवं पान राहिलं नाही. भिकोबा आपली लहानशी कळशी घेऊन झऱ्यावरून येत होते. चढताना आनसाच्या पायरीवर दम खायला बसणं ही त्यांची रोजची सवय होती. आनसाने त्यांना हाताला धरून सज्ज्यात नेलं.

"तात्या, हिला काय झालंय ते सांगा. लेकीच्या ओटीत घालायची आहे हो मला."

भिकोबांनी मातीत बोट घातलं, बाहेर काढून हुंगलं.

"ही तहानलेली नाही पोरी. ही बुडतेय."

"कशी बुडेल? महिनाभर मी निम्मंच पाणी घालत होते, वाढवलं ते पानं पिवळी पडल्यावर."

"आणि माझं धरलंस का?"

आनसाला समजेना. म्हाताऱ्याने मान वर केली. तिनेही पाहिलं. वरच्या सज्ज्याच्या कडेला भिकोबांच्या गळक्या घागरी ओळीने मांडल्या होत्या. त्यांच्या बुडातून पाण्याचा थेंब जमे, लोंबे आणि बरोबर आनसाच्या डेऱ्यात पडे. एक पडला की दुसरा जमे. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून हे थेंब असेच पडत होते. भांड्यांच्या जागा सासूने ठरवून दिलेल्या, आनसाने कधी वर पाहिलंच नव्हतं.

तिची नजर खाली म्हाताऱ्याच्या कळशीवर आली. गुडघ्यावर हात ठेवत, दम खात, तिच्याहूनही उंच घरापर्यंत रोज चढणारी ती कळशी.

"तात्या, तुम्ही कधी बोलला नाहीत."

"काय बोलायचं? पाणी खाली जातं," भिकोबा म्हणाले आणि कळशी उचलून चढायला लागले.

आनसाने डेरा उपसला. मुळं काळी पडून हातात गळून आली. आईने दिलेली, आईच्या आईने दिलेली वेल चिखलासारखी बोटांना चिकटली. आनसा सज्ज्यात बसून रडली.

मैना दारात उभी होती. "नसली वेल तर नसू दे गं आई," ती म्हणाली. "मी तशीच जाईन." पोर समजूतदारपणे बोलली, आणि म्हणूनच ते आनसाला जास्त लागलं. ती रागावली असती तर सोसलं असतं.

डोळे पुसून आनसाने मोठा खिळा घेतला आणि उरलेल्या भांड्यांची बुडं एकेक करून फोडायला लागली. वेल गेली, निदान वांगी-मिरच्या तरी वाचाव्यात. साचलेलं काळं, घाण पाणी भळभळ खाली गेलं. ते कुठे पडतंय हे पाहायला ती कठड्यावरून वाकली, आणि वाकलेलीच राहिली.

खाली तानूच्या सज्ज्यात अळवाची भांडी कोरडी पडली होती. मातीला भेगा गेल्या होत्या. पण कोपऱ्यात, सावलीत, एका चिरलेल्या काठवटीत एक नागवेल काठीवर चढत होती. पानं रुंद, टोकाला किंचित वळलेली. ती पानं आनसाने हजारांत ओळखली असती.

तानूच्या दारात जाईपर्यंत तिला त्या पायऱ्या झऱ्याच्या चढापेक्षा जड गेल्या. तानू अंगावर उडालेलं काळं पाणी पदराने पुसत होती.

"कशाला आलीस?"

"ती वेल..."

"माझ्या अळवात पडली होती. तूच छाटून टाकलीस. मी चोरलेली नाही."

"नाही म्हणत मी तसं."

"मागायला आलीस ना? पाणी बंद केलंस, अळू वाळलं, त्या दिवसांत घरात भाकरीबरोबर मीठ होतं नुसतं. आता कुठल्या तोंडाने मागतेस?"

"ह्याच तोंडाने," आनसा म्हणाली. "दुसरं नाही माझ्याकडे."

तानू सज्ज्यात जाऊन काठवट उचलून घेऊन आली.

काठवटीतली माती ओली होती. आनसाने ती बोटाने दाबून पाहिली.

"वरून तर थेंब येत नव्हता. मग हिला पाणी कुठून घातलंस?"

"झऱ्यावरून. एक जादा कळशी आणायची मी. माझ्या या दुखऱ्या पायाने त्याहून जास्त होत नाही."

"मग त्यात अळू का नाही जगवलंस?"

"अळवाचा कांदा कुठेही मिळतो," तानू म्हणाली. "तुझ्या आईची वेल मी पुन्हा कुठून आणली असती?"

आनसाला पुन्हा रडू आलं. तानूला ते आवडलं नाही. "रडून वर अजून पाणी सांडू नकोस," ती म्हणाली. "आणि लेकीला देशील त्या मडक्याला भोक आहे ना, ते बघ आधी."

आनसाने नवं मडकं आणलं. पण भोक स्वतः पाडलं नाही. मडकं आणि खिळा तिने तानूपुढे धरला. तानूने खिळ्यावर हलक्या हाताने दगड मारला, मडकं न फुटता भोक पडलं, आणि त्यात ती वेल लागली. दुसरी फांदी आनसाच्या जुन्या डेऱ्यात गेली, तिसरी तानूच्या काठवटीतच राहिली. मैना ओटीत वेल घेऊन सासरी गेली.

पुढच्या श्रावणात तानूच्या घरून आनसाकडे अळूवड्या आल्या. आनसाने त्यातल्या निम्म्या ताटलीत घालून भिकोबांकडे वर नेल्या. चढ फार नव्हता, पण ती तो पहिल्यांदाच चढत होती.

तेव्हापासून त्या गावात अशी रीत पडली, की लग्नाच्या मडक्याला भोक पाडायचं ते खालच्या घरच्या बाईने. रीत का पडली हे पुढे लोक विसरले, पण भोक पाडायला विसरले नाहीत.

बोध एवढाच: खालच्याला मिळू नये म्हणून जो अडवून ठेवतो, त्याचं आधी स्वतःचंच कुजतं.