चिंचेनं घासलेली नाणी

फार पूर्वी, नदी ओलांडणारा प्रत्येक जण पाण्यात नाणं टाकून हात जोडायचा, त्या काळची गोष्ट. पुलाखालच्या बिळात एक खेकडा राहायचा. त्याला जुनी नाणी जमवायचा भारी नाद! पण त्यानं मनाशी पक्कं ठरवलं होतं, ज्यावरचं राजाचं नाव वाचता येतं तेच नाणं ठेवायचं, आणि एका राजाचं एकच. वर्षानुवर्षं गाळ उपसून त्यानं मूठभर काळपट नाणी जमवली होती.

काठावरच्या चिंचेवर एक कावळा राहायला आला. त्यालाही तोच नाद, पण तो दिसेल ते चकचकीत नाणं उचलायचा. ऊन पडलं की त्याचं घरटं झगमगायचं आणि सगळी पाखरं तिथं जमायची.

"डोळे आहेत की खाचा यांना!" खेकडा बिळात धुमसायचा. "मला काळं कुत्रं विचारत नाही, आणि त्या उचल्याचं कौतुक!"

शेवटी त्याला राहवेना. पडलेली चिंच आणि वाळू घेऊन त्यानं एकेक नाणं खसाखसा घासलं. नाणी लखलखली.

दुसऱ्या दिवशी कावळा पिल्लाला घेऊन आला. "खेकडेदादा, तुमची ती राजांची नाणी दाखवा ना याला. माझ्याकडे तसलं एकही नाही. रोज वरून बघून जीव जळतो माझा."

खेकड्यानं ऐटीत नाणी मांडली. पिल्लानं एक नाणं उलटंपालटं केलं. दोन्ही बाजू गुळगुळीत होत्या.

"बाबा," ते म्हणालं, "यापेक्षा आपलीच जास्त चमकतात!"